ओनोरीनबाईंची खोटी शिकवणी

ओनोरीनबाई आपल्या टेबलाखालचा केरसुद्धा घराबाहेर जाऊ देत नसत. काड चिरताना पडलेली टोकं, सालपटं, सरसाचे वाळलेले थेंब, सगळं झाडून शेगडीत. "केर बघून शहाण्याला सगळं कळतं," म्हणायच्या. आमच्या चौकातला केर बघायला कोण शहाणा बसला होता, देव जाणे. पण पॅरिसच्या फोबूर सेंत-आंत्वान वस्तीत घरोघरी लाकडाचं काम, आणि दर दुसरा माणूस पहिल्याच्या खिडकीत डोकावणारा. त्यामुळे बाई अगदीच वेड्या होत्या असंही मला म्हणता येत नाही.

मी त्यांच्या समोरच्या खोलीत खुर्च्यांच्या गाद्या भरायची. नवरा युद्धात गेला तेव्हापासून घोड्याचे केस आणि सुतळी हाच माझा संसार. अकरा वर्षं आम्ही समोरासमोर काढली, एकमेकींच्या शेगडीवर सूप ठेवलं, आजारपणात एकमेकींना पाव आणून दिला, पण त्यांना काड चिरताना मी एकदाही पाहिलं नव्हतं. दार वाजवलं की आधी आतून कापड पसरल्याचा आवाज यायचा. मग "कोण?" मी म्हणायची, "आद्रियेन." मग "कोण आद्रियेन?" जणू चौकात आद्रियेनांची रांगच लागली होती.

काम म्हणजे राय धान्याच्या काडाची नक्षी. बर्गंडीतल्या एका शेतकऱ्याकडून वर्षातून एकदा, जुलैच्या कापणीनंतर, भारे यायचे. ते काड रंगवायचं, भिजवायचं, उभं चिरायचं, हाडाच्या पट्टीने घासून सपाट करायचं आणि लाकडावर असं चिकटवायचं की सांधा नखालाही लागू नये. वरून पॉलिश नाही, काडाची चमक त्याच्या अंगचीच असते. ओनोरीनबाईंचा पंखा साऱ्या पॅरिसात प्रसिद्ध होता. कपाटाच्या एका कोपऱ्यातून काडं निघायची आणि दारभर पसरायची. तुम्ही एक पाऊल बाजूला सरकलात की उजळ काडं काळी व्हायची आणि काळी उजळायची. पंखा प्रसिद्ध होता, बाईंना मात्र कुत्रं ओळखत नव्हतं.

याचं कारण गादुआँसाहेब. हे सजावटकार. श्रीमंतांच्या दिवाणखान्यांचे नकाशे करायचे आणि काम आमच्यासारख्यांकडून करून घ्यायचे. बाईंना सगळं काम त्यांच्याकडूनच यायचं. पंचवीस साली नदीकाठी ते नव्या नक्षीकामाचं जंगी प्रदर्शन भरलं, त्यात बाईंच्या पंख्याचं कपाट मधोमध ठेवलं होतं. स्वस्त तिकिटाच्या दिवशी आम्ही दोघी गेलो. पितळी पट्टीवर नाव गादुआँचं. बाई जवळ जाऊन पट्टीवर बोट फिरवायला लागल्या, तर पहारेकरी खेकसला, "ओ बाई, हात लावू नका! बिघडवाल!"

ओनोरीनबाई हात मागे घेऊन चालू लागल्या. तीन दिवस बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी मला म्हणाल्या, "आद्रियेन, एकदा, फक्त एकदा माझं नाव त्या पट्टीवर पाहिलं की मी डोळे मिटायला मोकळी." एवढी एकच हाव होती त्या बाईला. बाकी खाणं म्हणजे पाव नि चीज, आणि कपडे दोन.

पुढच्या वसंतात गादुआँसाहेब एका अमेरिकन मुलीला घेऊन चौकात आले. उंच, हाडकुळी, पायात पुरुषी बूट, आणि हातात वही. वही बघताच चौकातल्या सगळ्या खिडक्या फटाफट मिटल्या. प्रदर्शन झाल्यापासून अमेरिकनांचे थवेच्या थवे यायचे. दुकानात शिरायचे, "किती सुंदर" म्हणायचे, काही घ्यायचे नाहीत, आणि वर्षभरात तेच टेबल तिकडे कारखान्यात शेकड्याने निघायचं. आम्ही त्यांना डोळ्यांनी चोरणारे म्हणायचो.

"या कुमारी वॅन्डरमोलेन," गादुआँसाहेब म्हणाले. "ग्रँड रॅपिड्सच्या, तिकडच्या फर्निचर कारखान्यांच्या गावच्या. त्यांना काडकाम बघायचंय. दोन आठवडे दुपारी येतील. जरा दाखवा त्यांना, ओनोरीन. बडं गिऱ्हाईक आहे."

"माझं नाव व्हिल्मा," ती मुलगी तिच्या मोडक्या फ्रेंचमध्ये म्हणाली. "मी शिकायला आला आहे. मी फार हळू शिकतो, मादाम. माफ कर."

ओनोरीनबाईंच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. साहेबांना नाही म्हणायची सोय नव्हती, कारण उद्या काम बंद झालं तर खायचं काय? त्यांनी मान डोलावली. साहेब जाताच बाई माझ्या दारात आल्या आणि कुजबुजल्या, "तुझी इस्त्री दे."

"इस्त्री? तुम्हाला कशाला? काडाला कुणी इस्त्री करतं का?"

"तेच तर. कुणी करत नाही. दे."

मग दोन आठवडे रोज दुपारी दार सताड उघडं असायचं. अकरा वर्षांत जे मला दिसलं नाही ते चौकाने पाहिलं, फक्त त्यातलं एक अक्षरही खरं नव्हतं. बाई पाण्यात धुण्याचा सोडा मूठमूठ घालून काड उकळवायच्या, खडखडीत वाळवायच्या आणि माझ्या तापल्या इस्त्रीखाली कोरडंच दाबायच्या. काड तडतड फुटायचं. "असंच व्हायला हवं," बाई शांतपणे सांगायच्या. "आता हे रात्रभर ठेवायचं." दुसऱ्या दिवशी कापडाखालून आधीच करून ठेवलेली सुरेख फळी काढायच्या. "बघ, असं होतं." ती मुलगी डोळे विस्फारून बघायची आणि वहीत लिहायची. किती मुठी, किती वेळ, इस्त्री किती तापलेली, सगळं. जाताना रोज म्हणायची, "धन्यवाद, मादाम. तू फार चांगली आहे."

शेवटच्या दिवशी ती गेल्यावर बाईंनी दार लावलं, खुर्चीत बसल्या आणि हसत सुटल्या. मी त्यांना तोवर हसताना पाहिलं नव्हतं. मीही हसले. अगदी पोट धरून. इस्त्री माझीच होती ना.

"आता करू दे तिच्या कारखान्यात काडाची खिचडी," मी म्हटलं.

"चोराला चोरीचा माल सडका मिळाला तर पाप कुणाचं?" बाई डोळे पुसत म्हणाल्या.

त्यानंतर वर्ष गेलं, दुसरं गेलं. आम्ही व्हिल्माला विसरलो. बाईंची बोटं सकाळी आखडायला लागली होती. मी एकदा म्हटलं, कुणाला तरी शिकवा आता. तर माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच अमेरिकेहून आले होते.

अठ्ठावीसच्या शरदात गादुआँसाहेब घुश्शात जिना चढून आले. हातात सिगारेटची एक डबी. ती त्यांनी टेबलावर आपटली.

"हे तुमच्याकडे होतं, आणि मला इतकी वर्षं नुसते पंखे देत राहिलात?"

डबी काडाचीच होती, पण तसलं काड मी कधी पाहिलं नव्हतं. सोनेरी काडावर केसाहून बारीक काळ्या भेगा, अगदी जुन्या चिनी बरणीवर असतात तशा. पायऱ्यापायऱ्यांची नक्षी वर चढत गेलेली, अमेरिकेतल्या त्या उंच इमारतींसारखी. गादुआँसाहेबांनी सोबत एक छापील कार्ड काढलं. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दुकानात म्हणे नव्या सजावटीचं प्रदर्शन होतं, आणि लोक या डब्यांवर तुटून पडले. साहेबांनी बोट ठेवून इंग्रजी वाचलं आणि मग आमच्यासाठी सांगितलं, "काम व्हिल्मा वॅन्डरमोलेन यांचं. पद्धत पॅरिसच्या मादाम ओनोरीन ब्रेशार यांची."

बाईंनी कार्ड हातात घेतलं. अक्षरओळख त्यांना होती. स्वतःचं नाव त्यांनी तीनदा वाचलं असेल.

"माझ्यापासून लपवलंत," साहेब म्हणाले. "ठीक आहे. आता ऐका. एक मोठं जहाज सजतंय, न्यूयॉर्कला जाणारं. बायकांच्या दिवाणखान्याच्या भिंती माझ्याकडे आहेत. कंपनीच्या लोकांनी हे कार्ड पाहिलंय. त्यांना हेच भेगांचं काड हवं, आणि पितळी पट्टीवर हेच नाव हवं. मेअखेर मला एक नमुना द्या, पुढचं मी बघतो."

ते गेले. बाई कार्ड घेऊन बसून राहिल्या. मी म्हटलं, "ओनोरीनबाई, नाव! तुमचं नाव येतंय!"

"कशावर येतंय?" त्या म्हणाल्या. "मला हे करता येत नाही, आद्रियेन. मी तिला थाप मारली होती. तिने त्या थापेचं हे काय केलं, मला ठाऊक नाही."

थोड्या वेळाने त्यांचा चेहरा बदलला. "तिला कळलंय," त्या म्हणाल्या. "मी फसवलं हे तिला कळलंय. म्हणून माझं नाव छापलं. मला सगळ्यांसमोर उघडी पाडायला. आता हे लोक म्हणणार करून दाखव, आणि मी तोंडावर पडणार. सूड आहे हा."

मलाही ते पटलं. उगाच कोण कुणाचं नाव छापतं? इतकी वर्षं आमचं कुणी छापलं नव्हतं.

तो हिवाळा बाईंनी थाप जमवण्यात घालवला. आपणच सांगितलेलं सगळं केलं, सोडा, उकळी, इस्त्री. काडाचा नुसता चुरा व्हायचा. शेवटी मार्चमध्ये, अभिमान गिळून, पण डोकं शाबूत ठेवून, त्यांनी मला पत्र लिहायला बसवलं. मजकूर त्यांचा, अक्षर माझं.

"लिही. 'प्रिय कुमारी, तुझं काम पाहिलं. बरं आहे. मी शिकवलेलं तुला नीट आठवतं की नाही हे मला बघायचंय. तरी सगळी पद्धत क्रमाने लिहून पाठव. चुका असतील तर मी दुरुस्त करीन.'"

मी लेखणी खाली ठेवली. "बाई, हा तर निलाजरेपणा झाला."

"ती नाही का निलाजरी? लिही."

एप्रिलच्या शेवटी जाड पाकीट आलं. आठ पानं, आकृत्यांसकट. फ्रेंच बरंच सुधारलं होतं. मी मोठ्याने वाचलं. पहिल्या पानावर असं होतं: "मादाम, तुमचं पत्र आलं आणि मला फार आनंद झाला. मला भीती वाटत होती की तुम्ही रागावला असाल, कारण मी तुम्ही सांगितलं तसं करू शकले नाही. चूक माझ्या फ्रेंचची आहे. सोडा 'मूठभर' असं मी वहीत लिहिलं होतं, पण तुम्ही 'चिमूटभर' म्हणाला असणार. इस्त्री 'कोरडी' लिहिलं होतं, पण तुम्ही 'ओल्या फडक्यावरून' म्हणाला असणार. तुमच्यासारखी गुळगुळीत फळी मला कधीच जमली नाही, नुसत्या भेगा पडत. तुम्हाला नेमकं काय म्हणायचं होतं ते शोधायला मला दोन वर्षं लागली. नोकरीही सुटली, कारण मालक म्हणाला की मी फक्त काड वाया घालवते. शेवटी भेगाच मला आवडायला लागल्या. तरी अजून मला वाटतं, मी तुमचं पूर्ण ऐकलं नाही."

पुढच्या पानांवर कृती. सोडा किती, एकच उकळी, दोन दिवस सावलीत, मग ओल्या फडक्यावरून इस्त्री, चार मोजून उचलायची. आणि सर्वांत शेवटी, भेगा पडल्यावर, पातळ काळा रंग चोळून लगेच पुसायचा.

मी वाचून संपवलं तर बाईंनी शेवटचं पान माझ्या हातातून ओढून घेतलं.

"यात कुठेतरी गोम आहे," त्या म्हणाल्या.

"मलाही वाटतं," मी म्हटलं. हे मी म्हटलं, हे मला इथे लिहायलाच हवं.

"रंग शेवटी? रंग आधी असतो. आमच्या धंद्यात कुणी रंग शेवटी लावल्याचं ऐकलंयस? इथेच तिने खोटं लिहिलंय. बाकी सगळं खरं ठेवून एक गोष्ट फिरवायची. मीही तसंच केलं असतं."

शेवटचे तीन भारे उरले होते, आणि जुलैपर्यंत नवं काड नव्हतं. पहिल्या भाऱ्याला बाईंनी आधी रंग दिला. तपकिरी चिखल झाला. मग दोघींनी पुन्हा पत्र चाळलं. मी म्हटलं, फडकं ओलं म्हणतेय, त्यातच काहीतरी आहे. बाईंना वाटलं, सोडा फार कमी लिहिलाय. दुसरा भारा आम्ही आमच्या शहाणपणाने खलास केला. इतका की शेगडीत जाळतानाही तो धूर करत राहिला. मे अर्धा संपला होता.

तिसऱ्या भाऱ्यापाशी मी भडकले. "अहो, एकदा तरी तिने लिहिलंय तस्सं करा! ती खोटारडी आहे हे सिद्ध करायला तरी करा! निदान साहेबांना पुरावा दाखवता येईल!"

हे बाईंना पटलं. खोटं पकडायचं म्हटल्यावर त्यांचे हात सरळ चालायला लागले. शब्दन् शब्द मी वाचत होते आणि त्या करत होत्या. चिमूट म्हणजे चिमूट. दोन दिवस सावली म्हणजे दोन दिवस, मध्ये त्यांनी डोकावूनही पाहिलं नाही. इस्त्री टेकवली, मी चार मोजले, त्यांनी उचलली. मग रंग चोळला, आणि फडक्याने पुसला.

बारीक, सरळ, सुंदर भेगा. डबीवर होत्या तशाच, किंबहुना थोड्या चांगल्या. हात शेवटी ओनोरीनबाईंचे होते.

मी आनंदाने ओरडले. बाई मात्र खुर्चीत बसल्या.

"सगळं खरं लिहिलंय गं तिने," त्या म्हणाल्या. "एक अक्षरही फिरवलं नाही."

मग कामाच्या ॲप्रनमध्ये तोंड खुपसून त्या रडल्या. मलाही लाज वाटली, आणि लाज वाटली की मी चिडते. मी जाऊन कॉफी टाकली आणि भांडी जरा जोरातच आपटली.

मेच्या शेवटच्या आठवड्यात गादुआँसाहेब आले. नमुना खिडकीशी नेऊन उलटसुलट पाहिला आणि एकदम गोड झाले. "बावनकशी!" म्हणाले. "आता पट्टीचं ठरवू. कोरणाऱ्याला आज कळवायचंय. नाव कसं लिहायचं, 'ओनोरीन ब्रेशार' की 'मादाम ब्रेशार'?"

मी बाईंकडे पाहत होते. पंचवीस सालापासून हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून ती बाई जगत होती. त्यांनी टेबलाचा खण उघडला, व्हिल्माचं पत्र काढलं आणि शेवटच्या पानावरच्या सहीवर बोट ठेवलं.

"हे नाव घाला. अक्षरं नीट उतरवून घ्या."

"ओनोरीनबाई!" मी किंचाळलेच. "वेड लागलंय का तुम्हाला? हात तुमचे, काड तुमचं, आणि पट्टी त्या पोरीची?"

"तू गप्प बस, आद्रियेन."

"का गप्प बसू? आयुष्यभर दुसऱ्याचं नाव लागलं, आता तुम्ही स्वतःच्या हाताने लावताय!"

"मी तिची दोन वर्षं खाल्ली," बाई म्हणाल्या. आवाज अगदी खाली होता. "तिची नोकरी खाल्ली. आणि तिने मला सगळं लिहून पाठवलं. यावर माझं नाव लावलं तर माझ्यात आणि..." त्या थांबल्या. साहेब समोर होते. पण साहेबांना कळलं नसावं. त्यांना अशा गोष्टी सहसा कळत नाहीत.

"अमेरिकन नाव?" साहेब म्हणाले. "वाईट नाही. प्रवासीही बहुतेक अमेरिकनच." आणि त्यांनी वहीत उतरवून घेतलं.

आठ दिवस मी बाईंशी बोलले नाही. अजूनही त्या पट्टीचा विषय निघाला की माझा पारा चढतो. जहाज मी पाहिलं नाही, ते सारखं ये-जा करतं म्हणे, आणि ओनोरीनबाईंना जाऊन आता चार वर्षं झाली. त्या एका छापील कार्डाखेरीज त्यांचं नाव कशावरही नाही.

नवव्या दिवशी त्यांनी माझं दार वाजवलं. "लिहायला ये," म्हणाल्या. मी घुश्शातच गेले. टेबलावर कापड नव्हतं. काड, हाडाची पट्टी, सरसाचं भांडं, सगळं उघडं पडलं होतं. त्यांनी एक काडी उचलली, माझ्यासमोर नखाने चिरली आणि कसं, किती पाण्यात, कुठल्या बाजूने, ते सांगायला लागल्या. अकरा वर्षांत, आणि नंतरच्या तीन वर्षांत जे मी पाहिलं नव्हतं, ते सगळं. पंख्याची खरी रीत. तीन दुपारी लागल्या. मी लिहीत राहिले, आणि मधेमधे मलाच विश्वास बसेना.

शेवटी म्हणाल्या, "खाली लिही, 'मागे शिकवलं ते खोटं होतं. मी मुद्दाम केलं. हे खरं आहे.'"

मी लिहिलं. मग लेखणी टेकवून विचारलं, "आणि तिने विश्वास का ठेवावा? एकदा फसल्यावर?"

"ठेवेल," ओनोरीनबाई म्हणाल्या. "पहिल्या वेळीही ठेवला होता."